ताप किती वाजता भरला?

प्रश्न : आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मला गेले आठ दिवस सर्दी आहे. नाक वाहते, शिंका येतात, पण घर आणि नोकरी दोन्ही चालू आहे. बुधवारी संध्याकाळी माझे यजमान ठाण्याला गाडीत चढले तेव्हा ठणठणीत होते आणि रबाळे येईपर्यंत त्यांचे दात वाजायला लागले. घरी आल्यावर ताप १०२.६. अंग इतके दुखते की कूस बदलतानाही कण्हतात. ते म्हणतात, "तुझीच सर्दी मला लागली." नणंदबाई म्हणतात, सर्दी अंगावर काढली की तिचा फ्लू होतो. खालच्या केमिस्टने आम्हा दोघांना एकच सर्दीची गोळी आणि तीन दिवसांची अँटिबायोटिक दिली. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे. त्यांना ताप नाही, पण कालपासून गप्प गप्प आहेत आणि सकाळचा चहा अर्धाच घेतला. मुलगी ७ वर्षांची. तिचे नाक वाहते आहे, बाकी खेळते. साधी सर्दी आणि फ्लू घरच्या घरी कसा ओळखावा? मुलीला शाळेत पाठवावे का? आणि हे सोमवारी गोळी घेऊन ऑफिसला जायचे म्हणतात, जाऊ द्यावे का?
— एक वाचक भगिनी, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले पत्र गुरुवारी रात्री आले. पत्रांना क्रमाने उत्तर देण्याचा या सदराचा शिरस्ता मोडून मी शुक्रवारी सकाळीच आपल्याला चार ओळी पाठवल्या, त्याचे कारण यजमानांचा १०२.६ ताप हे नव्हते, तर सासूबाईंचा अर्धा राहिलेला चहा हे होते. आपण त्याच दिवशी दोघांनाही डॉक्टरांकडे नेलेत, सासूबाईंची छाती तपासून औषध सुरू झाले आणि आता त्या पूर्ण कप चहा घेऊन वर बिस्किटाची मागणी करतात, हे आपण कळवलेत तेव्हा जीव भांड्यात पडला. (मधुमेह असताना बिस्किटाबद्दल माझे काही म्हणणे आहे, पण ते पुन्हा कधीतरी.) आता आपल्या प्रश्नांकडे निवांतपणे वळता येईल.

दवाखान्यात तापाचा रुग्ण समोर बसला की ताप किती आहे हे विचारण्याआधी तो किती वाजता भरला, हे मी विचारते. प्रश्न ऐकून माणसे जरा गोंधळतात. पण साधी सर्दी आणि फ्लू वेगळे करण्यासाठी घरी वापरता येईल असा याहून उपयोगी प्रश्न मला इतक्या वर्षांत सापडलेला नाही. सर्दी झालेल्या माणसाला त्याचे उत्तर देता येत नाही. परवा घसा खवखवत होता, काल शिंका सुरू झाल्या, आज नाक चोंदले आणि डोके जड झाले, अशी सर्दी पायरी पायरीने चढते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त त्रास देते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. फ्लू झालेला माणूस मात्र वेळ सांगतो, आणि पुष्कळदा ठिकाणही सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ठाण्यातल्या बसवरचा एक कंडक्टर माझ्याकडे आला होता. सकाळच्या तीन फेऱ्या त्याने नेहमीसारख्या केल्या, चौथ्या फेरीत माजिवड्यापर्यंत त्याला काहीही होत नव्हते, आणि कॅडबरीच्या सिग्नलला बस थांबली तेव्हा अशी हुडहुडी भरली की हातातली सुटी नाणी मोजता येईनात. स्टेशन येईपर्यंत तो तिकिटे द्यायची सोडून दांडा धरून उभा राहिला. आपल्या यजमानांचा ठाणे ते रबाळे हा जेमतेम पाव तासाचा प्रवास त्याच जातीचा आहे, आणि आपल्या पत्रातल्या त्या एका वाक्यावरूनच माझा कौल फ्लूकडे झुकला होता.

असे का होते, हे समजून घेतले तर लक्षणांची यादी पाठ करावी लागत नाही. सर्दी हे कोण्या एका विषाणूचे काम नाही. ती आणणारे विषाणू अनेक आहेत, त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा, आणि त्याचेही शंभराहून अधिक प्रकार आहेत. एकदा सर्दी होऊन गेली तरी महिन्याभरात पुन्हा होते ती म्हणूनच. हा विषाणू ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नाकाच्या आतल्या तुलनेने गार अस्तरात, चांगला वाढतो. त्यामुळे त्याचा मुक्काम मुख्यतः नाकाघशात असतो आणि त्रासही बहुतेक मानेच्या वरचाच असतो. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तेवढ्यावर थांबत नाही. श्वासनलिका आणि तिच्या फांद्या यांच्या आतल्या पेशींमध्ये शिरून तो झपाट्याने वाढतो आणि त्या पेशी मारतो. संसर्ग झाल्यापासून १ ते ४ दिवसांत, सरासरी दुसऱ्या दिवशी, शरीराची संरक्षण यंत्रणा जोरात प्रतिकार सुरू करते आणि त्या वेळी रक्तात सोडली जाणारी रसायने मेंदूतले तापमानाचे नियंत्रण वर ढकलतात, स्नायू ठणकवतात, भूक मारतात. पाठीत आणि मांड्यांत जे दुखते तिथे सहसा विषाणू पोहोचलेलाही नसतो. ते दुखणे आपल्याच प्रतिकाराचे असते. ही रसायने काही तासांत एकदम वाढतात, म्हणूनच माणसाला सिग्नल आणि स्टेशन आठवते.

आपल्या भाषेने हा फरक फार पूर्वी टिपून ठेवला आहे. नाक गळणाऱ्या दुखण्याला आपण पडसे म्हणतो, आणि तो शब्द प्रतिश्याय या जुन्या वैद्यकीय संज्ञेपासून झिजत झिजत आलेला, घरगुती, फारसा न घाबरवणारा शब्द आहे. १९१८ साली जगभर पसरलेली इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईच्या बंदरातून आत शिरली आणि देशात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली, तेव्हा तिला महाराष्ट्रात मानमोडी म्हणत असत. त्या नावात नाक नाही, शिंक नाही. मान मोडून टाकणारे अंगदुखणे तेवढे आहे. आज येणारा नेहमीचा फ्लू त्या साथीइतका भयंकर नसतो, हे सांगायला हवे. पण त्याची पकड कोणत्या प्रकारची असते, हे त्या शब्दातून नेमके कळते.

आता घड्याळाखेरीज आणखी काय पाहावे? ताप मोजावा, आणि तो हाताच्या पंजाने नव्हे तर थर्मामीटरने मोजावा, कारण 'अंग गरम लागते' या वाक्याला आमच्या लेखी फारशी किंमत नाही. प्रौढ माणसाला साध्या सर्दीत ताप सहसा येत नाही, आला तर बारीक कणकण असते. फ्लूत तो १०१ ते १०३ पर्यंत चढतो आणि तीन-चार दिवस राहतो. कोरडा खोकला, डोळे हलवले तरी दुखणे, आणि उठून दारापर्यंत जाणेही नको वाटावे असा थकवा ही फ्लूची बाजू. आठ दिवस नाक पुसत का होईना आपण स्वयंपाक केलात, नोकरीवर गेलात, ही सर्दीची बाजू. फ्लू झालेल्या माणसाला हे निभावणे जड जाते; 'अंगावर काढण्याची' सोयच तो आजार बहुधा ठेवत नाही. उलट ज्या गोष्टीकडे सर्वांचे लक्ष असते ती, म्हणजे शेंबडाचा रंग, या कामी निरुपयोगी आहे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू 'पिकला' आणि आता अँटिबायोटिक हवी, ही समजूत चुकीची आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट द्रव्यामुळे येतो आणि विषाणूच्या सर्दीतही येतो.

मात्र या खुणांना मर्यादा आहेत. लहान मुलांना साध्या सर्दीतही चांगला ताप भरतो. काहींचा फ्लू इतका सौम्य असतो की तो सर्दी म्हणूनच निघून जातो, आणि कोविड तर दोघांचीही सोंगे आणतो. नाकाघशातला स्वॅब तपासल्याशिवाय विषाणूचे नाव छातीठोकपणे सांगता येत नाही. तरीही प्रत्येकाने तपासणीला धावण्याची गरज नसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब, क असे गट केलेले आहेत. सौम्य ताप-खोकल्याच्या अ गटाला घरी विश्रांती आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी एवढेच सांगितले आहे, ब गटातही, म्हणजे जोराचा ताप असलेल्या किंवा जोखमीच्या माणसांतही, स्वॅबची सक्ती नाही, आणि स्वॅब व रुग्णालय हे क गटासाठी, म्हणजे ज्यांना धाप लागते आहे किंवा ज्यांची शुद्ध हरपते आहे अशांसाठी आहे. आपले यजमान जोराच्या तापामुळे ब गटात बसतात. सासूबाईंना ताप नव्हता, पण वय आणि मधुमेह यांमुळे त्यांना त्याच गटातल्या जोखमीच्या माणसांत धरून चालणे मला शहाणपणाचे वाटते.

नणंदबाईंचे म्हणणे मी खोडून काढणार आहे, पण त्यांचा राग येऊ देऊ नका, कारण ते म्हणणे निम्म्या ठाणे जिल्ह्याचे आहे. सर्दीचा विषाणू आणि फ्लूचा विषाणू ही दोन वेगळी कुळे आहेत. तूर कितीही दिवस शेतात राहिली तरी तिचा हरभरा होत नाही. सर्दी अंगावर काढल्याने सायनस भरतील, कान दुखेल, दम्याच्या माणसाचा दमा उठेल, पण फ्लू होणार नाही. त्याच न्यायाने यजमानांचा आरोपही टिकत नाही. आपल्यामुळे त्यांना काही मिळालेच असते तर ते बहुधा वाहणारे नाक मिळाले असते. बुधवारी संध्याकाळी ताप भरला, त्याआधीचे एक ते चार दिवस मोजले तर बंद खिडक्यांचा डबा आणि ऑफिसातली थंड, कोंदट खोली या दोघांवर माझा जास्त संशय आहे. पावसात भिजल्याने फ्लू होतो असे नव्हे. पाऊस आत येतो म्हणून सगळे काचा ओढून घेतात, तोच श्वास शंभर माणसे वाटून घेतात, आणि महाराष्ट्रात फ्लूचा एक हंगाम पावसाळ्यात आणि दुसरा जानेवारी ते मार्चच्या सुमारास येतो.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगते, कारण आपल्या भागात प्रश्न फक्त 'सर्दी की फ्लू' एवढाच नसतो. ताप जोराचा आहे, अंग मोडून आले आहे, पण नाक कोरडे, घसा स्वच्छ आणि खोकला अजिबात नाही, असे असेल तर फ्लूचे नाव घेण्याआधी डेंग्यू आणि मलेरिया यांचा विचार व्हायला हवा. डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखते, मळमळते, अंगावर पुरळ उठू शकते, आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे धोका पुष्कळदा ताप उतरताना सुरू होतो. त्या वेळी पोटात दुखणे, वारंवार उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त येणे दिसले तर थांबू नये. मलेरियात थंडी, ताप आणि घाम यांच्या पाळ्या येतात आणि रक्ताचा थेंब काचेवर घेऊन केलेल्या साध्या तपासणीत तो सापडतो. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाला आठ-दहा दिवसांनी ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे, म्हणजे उंदरांसारख्या प्राण्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराचे) नाव डॉक्टरांसमोर स्वतःहून काढावे. हे चारही आजार पहिल्या दिवशी एकमेकांसारखे दिसू शकतात, म्हणून तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन डेंग्यूची शंका असताना रक्तस्राव वाढवू शकते, आणि फ्लू झालेल्या मुलांना तर ॲस्पिरिन कधीच देऊ नये.

आता त्या केमिस्टच्या पुडीकडे येते. आपण पट्टीचा फोटो पाठवलात हे फार चांगले केलेत. दिव्याखाली धरून मागची बारीक अक्षरे वाचली, तर त्या 'सर्दीच्या गोळीत' तीन औषधे आहेत : पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, नाक मोकळे करणारे फिनाईलएफ्रिन आणि शिंका थांबवणारे क्लोरफेनिरामाईन. यजमान ती गोळी दिवसातून चार वेळा घेत होते आणि ताप उतरत नाही म्हणून तिच्या जोडीला प्रत्येक वेळी '६५० ची' गोळीही घेत होते. ती ६५० ची गोळीसुद्धा पॅरासिटामॉलच आहे. हिशेब करा : ५०० आणि ६५० मिळून ११५०, चार वेळा म्हणजे ४६०० मिलिग्रॅम, आणि धडधाकट प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, वृद्ध, कृश किंवा यकृताचा त्रास असलेल्यांची त्याहूनही कमी. एक-दोन दिवसांत काही बिघडले नाही हे नशीब म्हणायचे, पण हा दुहेरी डोस मी दर पावसाळ्यात पाहते आणि तो घेणाऱ्या कोणालाही आपण एकच औषध दोनदा घेतो आहोत हे माहीत नसते. फिनाईलएफ्रिन रक्तदाब वाढवू शकते. क्लोरफेनिरामाईनने झोप येते, त्यामुळे ती गोळी घेऊन दुचाकी चालवू नये, आणि प्रोस्टेट वाढलेल्या वयस्कर पुरुषांची लघवी तिने अडकू शकते. शेवटच्या दोन औषधांचे मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला आहे. घरात लहान पाहुणे येतात, त्यामुळे हे लक्षात असू द्या.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात सांगायचे तर तुम्हा दोघांपैकी कोणालाही तिची गरज नव्हती. ती जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूची लाट आली होती तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांनाच जाहीर आवाहन केले होते की हंगामी ताप-खोकल्यात या गोळ्या लिहू नका. डॉक्टरांना सांगावे लागते, तिथे केमिस्टला एकट्याला दोष काय द्यायचा? फ्लूवर परिणाम करणारे औषध वेगळे आहे, त्याचे नाव ओसेल्टामिव्हिर. ते चिठ्ठीवरच मिळते आणि मिळायला हवेही तसेच. ताप सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ते घेतले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. इथे पुन्हा घड्याळ आले. यजमानांचा बुधवार संध्याकाळ सातचा ताप म्हणजे शुक्रवार संध्याकाळी सातपर्यंतची मुदत, आणि म्हणून मी आपल्याला 'उद्या-परवा दाखवा' असे न लिहिता 'आज दुपारपर्यंत दाखवा' असे लिहिले होते. निरोगी तरुण माणूस त्या औषधाशिवायही बरा होतो; जोखमीच्या माणसांना मात्र ४८ तास उलटून गेले तरी डॉक्टर ते देतात. घरात कोण आहे, यावर ते ठरते.

आणि घरात सासूबाई आहेत. फ्लू आणि सर्दी वेगळे ओळखण्याचा खटाटोप माझ्या मते मुख्यतः अशाच माणसांसाठी करायचा असतो : ६५ वर्षांवरील वृद्ध, गरोदर स्त्रिया, ५ वर्षांखालील मुले, आणि मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले. आपल्या सर्दीने त्यांना बहुधा चार दिवस खोकला आला असता. यजमानांचा फ्लू त्यांच्या फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय म्हातारपणी शरीर ताप चढवण्याइतका जोर लावतेच असे नाही. थर्मामीटर ९८ दाखवतो आणि माणूस आत आजारी असतो. अशा वेळी दिसते ते एवढेच : बोलणे कमी झाले, जेवण अर्धे राहिले, नेहमीची मालिका लावली नाही, रात्री बाथरूमचा रस्ता चुकला, साखर कारणाशिवाय वाढली. हे बदल डॉक्टरला दहा मिनिटांच्या तपासणीत दिसत नाहीत. ते घरातल्या माणसालाच दिसतात, आणि आपल्याला दिसले. पुढच्या वेळी त्यांची साखर आजारपणात रोज तपासा, मधुमेहाची औषधे मनाने बंद करू नका, पण जेवण जात नसेल तर कोणती गोळी थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल, त्याचे सेल बदलून ठेवा. शांत बसलेल्या माणसाचा आकडा ९४ च्या खाली गेला तर रात्र उलटण्याची वाट पाहू नये.

तसेच धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, थुंकीतून रक्त येणे, ग्लानी किंवा बरळणे, आणि लहान मुलाने खाणेपिणे टाकून नुसते पडून राहणे, यांतले काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. एक खूण मात्र लोक हमखास दुर्लक्षितात. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, दोन दिवस बरे वाटते, आणि मग तो खोकल्यासह पुन्हा चढतो. हा परतलेला ताप म्हणजे जुन्या तापाचे उरलेसुरले शेपूट समजू नका. फ्लूने सोललेल्या श्वासनलिकेत आता जिवाणू शिरले असण्याची शक्यता असते, आणि तेव्हा मात्र अँटिबायोटिक खरोखरच लागते.

घरच्या उपायांबद्दल मी फार लिहीत नाही, कारण ते आपल्याला माझ्याइतकेच येतात. मऊ भात, पेज, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, हळदीचे दूध, एक वर्षावरील मुलांना खोकल्यासाठी चमचाभर मध, हे सर्व चालेल. त्याने विषाणू मरत नाही, माणसाला बरे वाटते, आणि ते पुरेसे आहे. थंडी वाजते म्हणून चार गोधड्या घालू नका. वाफेबाबत माझे मत कडक आहे : जमिनीवर ठेवलेल्या उकळत्या पाण्याच्या पातेल्याने भाजलेली मुले मी पाहिली आहेत, म्हणून मुलीला त्या पद्धतीने वाफ देऊ नका. बंद नाकात घालायचे औषधी थेंब तीन ते पाच दिवसांहून जास्त वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते. साधे मिठाच्या पाण्याचे थेंब हवे तितके वापरा.

मुलीचे नाक वाहते आहे पण ती खेळते, जेवते आणि ताप नाही, म्हणजे तिच्याकडे बहुधा आपलीच सर्दी गेली आहे. एरवी मी अशा मुलाला रुमाल देऊन शाळेत पाठवा म्हणाले असते. पण घरात फ्लूचा रुग्ण असताना तिलाही तो होण्याची शक्यता चार दिवस राहते, म्हणून त्या दिवसांत रोज शाळेच्या वेळेआधी तिचा ताप मोजावा, आणि काटा १०० कडे सरकला किंवा ती एकाएकी मलूल झाली तर घरी ठेवावे. बाबांच्या अंगावर चढून गोष्ट ऐकण्याचा कार्यक्रमही तेवढे दिवस बंद. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस विषाणू पसरवत असतो. त्याने वेगळ्या खोलीत झोपावे, ते शक्य नसेल तर खिडकी उघडी ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोपावे, आणि सासूबाईंना ताट नेऊन देण्याचे काम तर त्याने मुळीच करू नये.

लसीचे आपण विचारले नाहीत, तरी सांगते. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू आपले रूप बदलत राहतो आणि जागतिक आरोग्य संघटना त्यानुसार वर्षातून दोनदा लसीतले प्रकार सुचवते. आपल्याकडे ती पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. ती लागण पूर्णपणे रोखत नाही, पण गंभीर आजाराची शक्यता कमी करते. सासूबाईंना ती द्यावीच, असे माझे स्पष्ट मत आहे; मुलीला द्यायची ठरवलीत तर ९ वर्षांखालील मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. लसीने सर्दी थांबत नाही. 'लस घेऊनही शिंका आल्या' अशी तक्रार घेऊन सासूबाई माझ्याविरुद्ध पत्र लिहिणार असतील, तर हे आधीच नोंदवून ठेवते.

राहिला यजमानांचा सोमवार. तो आता मागे पडला आहे, पण ते नेमके काय करणार होते हे मला आपल्या पत्रावरून दिसते : सकाळी सहाला गोळी, घाम येऊन ताप ९९, आठची गाडी, आणि दुपारी बारा वाजता, गोळीचा अंमल उतरला की ऑफिसात पुन्हा हुडहुडी. गोळीने उतरवलेला ताप हा उतरलेला ताप धरू नये. गोळी न घेता सलग २४ तास ताप १०० च्या खाली राहिला पाहिजे, मगच घराबाहेर पडावे. म्हणजे शेवटची गोळी शनिवारी रात्री दहाला घेतली असेल, तर तिचा अंमल सरायला पहाटेचे चार वाजतात. मोजणी तिथून सुरू करावी. रविवारी दुपारी पुन्हा १०१ भरला तर आधीचे तास पुसून टाकावेत आणि तो ताप आपोआप उतरेल तिथून नवे चोवीस तास धरावेत. खोकला आणि थकवा आणखी दोन आठवडे रेंगाळू शकतो, त्यासाठी रजा वाढवायची गरज नाही; मात्र पहिला आठवडा मास्क लावून आणि शक्य तर गर्दीच्या दोन गाड्या सोडून बसायला जागा मिळेल अशा गाडीने त्यांना पाठवा, आणि रबाळ्याला पुन्हा दात वाजले तर पुढे ठाण्याला न जाता तिथूनच उलट फिरायला सांगा.